एका दारात दोन टोपल्या

मेलेल्या राजाईले शिव्या देणारी बाई मी एकच पाहिली, ते आमची कुंताबाई. अन् राजे बी कुठले? इंग्लंडातले! साडेअकराशे वर्सं झाले त्याईले मरून. पण पालकाच्या जुड्या बांधता बांधता ही म्हातारी दात-ओठ खाऊन त्याईचा असा उद्धार करे, का भाजी घ्याले आलेला माणूस घाबरून विचारे, "मावशी, घरात भांडण झालं का?" ती म्हणे, "हाव, घरातलंच समज."

मी ज्योत्स्ना. नालवाडीच्या मागं आमचं पाऊण एकर वावर आहे. मेथी, वांगे अन् सांबार निघते. सांबार म्हणजे पुण्याकडचे लोक ज्याले कोथिंबीर म्हणतात ते. अठरा वर्सं मी गुजरीत कुंताबाईच्या बाजूले पोतं हातरून बसली. पुढं जे सांगणार आहे त्यात एक म्हातारी सोडली तं कोणीच माणसासारखं वागलं नाई. मी बी नाई. ऐकाचं असेल तं ऐका.

आमची गुजरी म्हणजे रस्त्याकाठची मोकळी जागा. चाळीसेक भाजीवाले, सगळे आपापल्या वावराचे मालक. नियम एकच, ज्यानं पिकवलं त्यानंच विकाचं. दलालाले आत पाय नाई. सकाळी सहाले बसा, दहाले उठा, गिऱ्हाईक तुमचं, भाव तुमचा, तोंड तुमचं. गरिबाले एवढी ऐट जगात दुसरीकडं कुठं भेटते, मले तं माहीत नाई.

कुंताबाईले ते ऐट शोभत बी होती. नवरा विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला तवा ती सव्वीसची. तवापासून तिनं एकटीनं वावर ओढलं, पोराले शिकवलं, तो पोरगा आता बायकोसंग पुण्यात कंपनीत आहे, अन् नात अंकिता हिच्यापाशी राह्यते. म्हातारीचं तोंड मोठं फटकळ. भेंडीचे शेंडे मोडून पाहणाऱ्याच्या हातातून ती भेंडी काढून घे अन् म्हणे, "भाजी पाहून राह्यला का नवरी?" एकदा एक ठेलेवाला नालीतल्या पाण्यानं पालक ओला करताना दिसला. हिनं त्याची टोपली लाथेनं उलथवली अन् म्हणे, "लेकराबाळाच्या पोटात जाते बे हे!" घाण तिले सहनच होत नव्हती, भाजीतली बी अन् माणसातली बी.

आता जागेचं सांगतो. जागा आमची नाई, आर्वीच्या योगेंद्रबाबूची. तिथं त्याईचं कापडाचं दुकान आहे. त्याईच्या आज्यानं आमच्या लोकाईले जबान देल्ली होती, का तुम्ही सगळे मिळून दर पाडव्याले माझ्या दारात एक टोपली आणजा, तोवर जागा तुमची. कागद नाई, शिक्का नाई. त्या टोपलीत चाळीसच्या चाळीस वावरातलं एकेक जिन्नस. कोणाचं वांगं, कोणाची मुठभर गवार, कोणाचे दोन लिंबू. गुजरीतली सगळ्यात जुनी बाई ते टोपली डोक्यावर घेऊन एस्टीनं आर्वीले जाय. योगेंद्रबाबूची माय टोपलीले हळदकुंकू लावे, बाईच्या ओटीत खण टाके, झालं वर्साचं पक्कं. बावीस वर्सं ते टोपली कुंताबाईच्या डोक्यावर गेली. मी बी दोन-चारदा संग गेली, बस लागते मले तरी गेली.

हे सगळं घाणीत गेलं ते दोन माणसाईपायी. प्रभाकरराव चौदा वर्सं गुजरीचे अध्यक्ष होते. मागच्या वर्सी पाण्याची टाकी बांधली. टाकीवर नाव कोणाचं आधी लिवाचं, यावरून प्रभाकरराव अन् मधुकरराव यांची जुंपली. दोघं सख्खे साडू, बरं का! दोन सख्ख्या बहिणी दोघाईच्या घरात. पण टाकीवरच्या नावासाठी बोलणं बंद. निम्म्या लोकाईनं प्रभाकररावले काढून मधुकररावले अध्यक्ष केलं. निम्मे म्हणे, आमचा अध्यक्ष जुनाच. मंग दोन पाट्या, दोन शिक्के, मोबाईलवर दोन ग्रुप. गणपती दोन बसले. एका रांगेतली बाई दुसऱ्या रांगेतल्या बाईले सुटे पैसे देईना. एवढी एवढी जागा, अन् तिच्यात हे दोन राजे!

राजे हा शब्द अंकिताचा. ती पोट्टी इतिहासात एम.ए. करून राह्यली. युरोपाचा एक पेपर आहे तिले. मोठ्यानं वाचल्याशिवाय तिच्या डोक्यात शिरत नाई, म्हणून सकाळी आजीच्या मागं पोत्यावर बसून वाचत जाय. आजी विचारे, "काय व, काय लिवलं त्यात?" अन् अंकिता आमच्या बोलीत सांगे.

माघातली गोष्ट. ती म्हणे, "आजी, इंग्लंड तवा एक नव्हतं, तुकडे तुकडे होते. त्यातलं एक राज्य नॉर्थम्ब्रिया. ओसबर्ट नावाचा राजा होता. लोकाईनं त्याले काढलं अन् एल्ला नावाचा बसवला. तो राजघराण्यातला बी नव्हता म्हणे. मंग अर्धे याच्यामागं, अर्धे त्याच्यामागं, दोघाईची लढाई सुरू. अन् तिकडून समुद्रावरून व्हायकिंग आले."

"ते कोण?"

"जहाजवाले. डेन्मार्काकडून येत, लुटून नेत. या टायमाले मात्र लुटाले नाई, राह्यालेच आले. आधी शेजारच्या राज्यात उतरले. त्या राज्यानं लढाई नोको म्हणून त्याईले घोडे देल्ले अन् तह केला."

"घोडे देल्ले?" कुंताबाईच्या हातातली जुडी तशीच राह्यली. "म्हणजे आपल्या दारातली घाण शेजाऱ्याच्या दारात लोटली! थू! अन् हे दोन मुडदे काय करून राह्यलते?"

"भांडून राह्यलते."

कुंताबाईनं समोर पाहिलं. समोर प्रभाकरराव आपल्या माणसाईले सांगून राह्यलते का मधुकरच्या रांगेतून चहाची गाडी जाऊ देऊ नोका. म्हातारी म्हणे, "पोट्टे, हे इंग्लंड आपल्या किती जवळ आहे व!" आम्ही दोघी पोट धरून हसलो. तवा हसू येत होतं.

पाडवा आला. आदल्या दिवशी प्रभाकरराव कुंताबाईपाशी येऊन म्हणे, "काकी, टोपली आपल्या वीस जणाईची भरजो. त्याईचं एक पान नोको त्यात."

"मी वीस जणाईची टोपली कधी उचलली नाई," कुंताबाई म्हणे. "चाळीस देत असान तं डोक्यावर घेतो. नाई तं तुम्हीच घ्या."

ती तशीच उठून मधुकररावपाशी गेली. मी संग होती. तिनं त्या माणसापुढं हात जोडले, अन् कुंताबाईले हात जोडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. म्हणे, "बाबू, एक दिवस भांडण बाजूले ठेवा. उद्या संध्याकाळी मंग एकमेकाची डोकी फोडा, मी दगड आणून देतो."

मधुकरराव दातातली सुपारी कोरत म्हणे, "आमची टोपली भरली काकी. चांदीचा करंडा बी ठेवला त्यात. पाहू योगेंद्रबाबू कोणाची घेते."

पाडव्याच्या सकाळी आर्वीच्या एस्टीत पुढच्या शिटावर प्रभाकरराव मांडीवर टोपली घेऊन, अन् मागच्या शिटावर मधुकरराव मांडीवर टोपली घेऊन. मधात आम्ही दोघी रिकाम्या हातानं. म्हातारी म्हणे, "जाऊ तं दे, काही झालं तं तोंड तं उघडता येईन." आर्वीले उतरल्यावर ते दोघं पळाले, खरंच पळाले, साठी उलटलेले माणसं, टोपल्या छातीशी धरून, भर बाजारातून! लोक दुकानातून वाकून पाहून राह्यलते. मले वाटलं जमीन फाटावं अन् मी आत जावं.

योगेंद्रबाबूच्या दारात दोन्ही टोपल्या एकदमच टेकल्या. त्याईची माय कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आली अन् थबकली. प्रभाकरराव म्हणे, "मायजी, ही गुजरीची." मधुकरराव म्हणे, "ते नाई, ही गुजरीची. तो आता कोणी नाई." मंग तिथंच, सणाच्या दिवशी, त्या बाईच्या रांगोळीवर उभं राहून एकमेकाच्या मायबहिणी काढल्या. रांगोळी पायाखाली गेली. साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा, म्हणजे ज्या माय-बहिणी काढल्या त्या बी आपल्याच सोयऱ्यातल्या, एवढी बी अक्कल नाई राह्यली.

योगेंद्रबाबू बाहेर आले. सभ्य माणूस, कधी आवाज चढवत नाई. म्हणे, "आज्यानं एका टोपलीले जबान देल्ली होती. मी कोणाची घेऊ? हनुमान जयंतीपर्यंत थांबतो. एक होऊन या. नाई तं मी मोकळा." अन् दार लावून घेतलं.

कुंकू लागलंच नाई. दोघं जण आपापली टोपली तिथंच टाकून दोन वेगळ्या बसनं परत आले. कुंताबाईनं त्यातली भाजी आर्वीच्या स्टँडवर येणाऱ्या-जाणाऱ्याले वाटली. चांदीचा करंडा तेवढा मधुकररावनं आठवणीनं उचलून नेल्ता.

पंधरा दिवस होते. पंधरा! कुंताबाई रोज एकदा याच्या घरी, एकदा त्याच्या घरी. प्रभाकरराव म्हणे, आधी त्यानं माफी मागावं. मधुकरराव म्हणे, आधी त्यानं शिक्का टाकावं. मंग म्हणे टोपली कोणाच्या घरून निघावं. मंग म्हणे एस्टीत खिडकीपाशी कोण बसावं. खोटं नाई सांगत, खिडकीवरून दोन दिवस गेले. म्हातारीचे गुडघे सुजले जाऊन येऊन. तिच्या तोंडाची चवच गेली होती. भाकरीचा तुकडा मोडे अन् ताटात ठेवून दे. म्हणे, "ज्योत्स्ना, माणसाची किळस आली का अन्न बी गोड लागत नाई."

त्याच दिवसात नीरज नावाचा माणूस आमच्या रस्त्यावर दिसू लागला. नागपूरकडचा, तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. आधी सिंदी रेल्वे या गावाच्या बाजूले त्यानं भाजीचा धंदा मांडला होता. तिथल्या भाजीवाल्याईनं भांडण नोको म्हणून त्याले आपला माल देल्ला, आपल्या पिकअप गाड्या बी देल्ल्या. त्याच गाड्यात बसून तो आमच्याकडं आला. अंकितानं एका गाडीवर सिंदीच्या माणसाचं नाव वाचलं अन् म्हणे, "आजी, घोडे आले." म्हातारी तवा हसली नाई.

हनुमान जयंतीले गुजरी बंद राह्यते. प्रभाकररावचा महाप्रसाद देवळाच्या उगवतीकडं, मधुकररावचा मावळतीकडं. दोन कढया, दोन भोंगे. इकडचा बुंदी वाढे तं तिकडचा जिलबी. माणसं ढेकर देत दोन्ही पंगतीत जेवले अन् दोघाईले शिव्या घालत घरी गेले. आर्वीले कोणीच गेलं नाई. मुदत होती ना तेच दिवसाची! पण बुंदी कमी पडली असती तं इज्जत गेली असती.

दुसऱ्या दिवशी सहाले आम्ही टोपल्या घेऊन गेलो तं जागेले टिनाचं कुंपण. लोखंडी गेट. कुलूप. रातोरात माणसं लावून केलं होतं. आत नीरज खुर्चीवर बसून मोबाईल पाहून राह्यला. बाहेर येऊन सगळ्याईले नमस्कार केला. म्हणे, "योगेंद्रबाबूनं जागा मले तीन वर्साच्या करारानं देल्ली. घाबरू नोका. तुमचा माल मी गेटवरच घेईन. विकाची कटकट तुम्हाले नाई."

"अन् आम्ही बसाचं कुठं?" कुंताबाईनं विचारलं.

"कायले बसता काकी? या वयात घरी आराम करा."

गेटच्या सळीतून म्हातारीनं आपली जागा पाहिली, टाकीपासून तिसरी. तिथं नीरजच्या माणसाईनं प्लास्टिकचे कॅरेट रचले होते. घरी जाताना तिनं अंकिताले विचारलं, "ते जहाजवाले शहरात कधी घुसले व?"

"यॉर्क नावाचं शहर होतं आजी. सणाच्या दिवशी घुसले म्हणतात. सगळे लोक देवाच्या कामात होते."

"मंग त्या दोघाईनं काय केलं?"

अंकितानं वाचून सांगतलं. चार-पाच महिन्यानं दोन्ही राजाईनं हातमिळवणी केली. शहराची भिंत कच्ची होती. ते भिंत पाडून फौज आत घुसली. अन् आत घुसली तिथंच फसली. व्हायकिंगाईनं आतल्या आत कापून काढलं. ओसबर्ट अन् एल्ला दोघं एकाच दिवशी मेले.

इकडं आमचे दोघं एक झाले ते दहा दिवसानं. पोटावर पाय आला तवा अक्कल आली. अन् एक झाले ते बी कसे! मंडप टाकून. एकमेकाच्या गळ्यात हार, मिठी, फोटो, "आम्ही साडू नाई, भाऊ आहो," म्हणून माईकवर रडणं. ज्या तोंडानं माय काढली त्याच तोंडात एकमेकाले पेढा भरवला. बाया टाळ्या वाजवून राह्यल्या. खरं सांगतो, मी उठून मागं कुंताबाईपाशी जाऊन बसली.

बेत ठरला का सोमवारी सकाळी कुलूप तोडाचं, सगळ्याईनं माल घेऊन आत बसाचं, अन् उठाचंच नाई. कुंताबाई मंडपात उभी राह्यली.

"आत जाऊ नोका," ती म्हणे. "त्याच्यापाशी करार आहे. आत गेले का तुम्ही चोर. तो तेच वाट पाहून राह्यला. त्यापेक्षा आपण चाळीस जणं आर्वीले जाऊ. योगेंद्रबाबूच्या दारात बसू. माफी मागू. मी पाय धरतो त्याच्या मायचे. जबान मोडली ते आपण, त्यानं नाई."

"माफी?" प्रभाकरराव म्हणे. "आम्ही?"

"तिकडं इंग्लंडात बी दोन राजे असेच भिंत पाडून आत गेलते. बाहेर नाई आले."

आधी कोणाले समजलंच नाई. मंग कोणीतरी फिदकलं अन् मंडपभर हसू फुटलं. मधुकरराव माईकमधी म्हणे, "काकी, इंग्रज गेले, आता आपलं राज्य आहे." आणखीन हशा. दोन्ही गटाचे लोक पहिल्यांदा एकमेकाच्या पाठीवर हात मारून हसले, अन् ते बी या म्हातारीवर. ती खाली बसली. मी तिच्या बाजूले होती. मी बी तिच्यासाठी तोंड उघडलं नाई.

सोमवारी कुलूप तोडलं. ढोल आणला होता. सगळे आत घुसले, पोते हातरले, नाचले. मी बी गेली आत. कुंताबाई रस्त्याच्या पल्याड आपली टोपली घेऊन उभी राह्यली, आली नाई. नीरजचे माणसं बाजूले झाले, हात बी लावला नाई. फक्त मोबाईल वर धरून शूटिंग करून राह्यले. अन् आमचा शेवटचा माणूस आत आला तशा त्या सिंदीच्या तीन पिकअप गेटले आडव्या लागल्या.

एप्रिलचं ऊन. टिनाची भट्टी. टाकीचं पाणी त्यानं आधीच तोडलं होतं. दोन तासात पालक शिजल्यासारखा झाला, भेदरे म्हणजे टमाटे फुटले, सांबाराचा काळा लगदा. वर माश्या. एक बाई चक्कर येऊन त्या लगद्यातच पडली. मंग पोलीस आले. त्याईच्यापाशी नीरजचा करार होता, आमच्यापाशी तोडलेलं कुलूप.

ठाण्यात जे झालं ते सांगाले जीभ वळत नाई. साहेबानं विचारलं, कुलूप कोणी तोडलं? प्रभाकररावनं मधुकररावकडं बोट केलं. मधुकररावनं प्रभाकररावकडं. दहा मिनिटात दोघाईनं वेगवेगळ्या कागदावर सह्या केल्या, का आम्ही या जागेत कधी पाय ठेवणार नाई, अन् आमच्या माणसाईसाठी आम्ही जबाबदार नाई. मंग मागच्या दारानं घरी. आम्ही बाया संध्याकाळपर्यंत तिथल्या फरशीवर, अंगाले सडक्या भेदऱ्याचा वास. दोन राजे मेले, अंकिताच्या कागदात लिवलं होतं तसेच. फरक एवढाच, का ते लढून मेले.

पंधरा दिवसानं नीरज कुंताबाईच्या घरी आला. मी तिथंच होती. म्हणे, "काकी, गेटवर मले तुमच्यातलं माणूस पाहिजे. लोक माझं ऐकत नाई, तुमचं ऐकतीन. तुम्हाले खुर्ची, पंखा, महिन्याचा पगार. कोणाचा माल घ्याचा, कोणाचा परत कराचा, तेवढं सांगजा."

कुंताबाईनं अंकिताले हाक मारली. "काय व, राजे मेल्यावर त्या जहाजवाल्याईनं कोण बसवला?"

"एगबर्ट," अंकिता आतूनच म्हणे. "तिथलाच होता. नावाचा राजा. वसुली करून त्याईले द्याले."

म्हातारी अंगणात नीरजच्या बुटापासून वीतभर अंतरावर थुंकली. म्हणे, "एगबर्ट या घरात राह्यत नाई. बाजूच्या घरी पाहा."

तिनं ते रागात म्हटलं होतं. बाजूचं घर माझं आहे.

नीरज खरंच आला. मले बहाणे सांगता येतात. नवऱ्याची कंबर, पोरीची फी, वावरात बसून सडणारी मेथी. सगळे खरे आहेत. पण खरं कारण हे, का खुर्ची अन् पंखा म्हटल्यावर माझ्या मनात गुदगुल्या झाल्या. अठरा वर्सं पोत्यावर बसलेल्या बाईले खुर्ची! मी हाव म्हटलं, त्याचा चहा संपाच्या आत.

सहा महिने झाले. मले शिट्टी देल्ली, गळ्यात पट्टा देल्ला. लोक मले मॅडम म्हणतात. भाव नीरज ठरवते, सांगतो मी. पिवळं पान दिसलं का माल परत. मी परत करतो. ज्याईच्या संग मी एका ताटात जेवली, त्याईच्या जुड्या मी उलट्या-पालट्या करून पाहतो, मोडून बी पाहतो. घरी जाऊन हात तीनदा धुतो, तरी ते जात नाई.

कुंताबाई पावसाळाभर ठेला ढकलत गल्लीगल्लीनं फिरली. माझ्याशी बोलली नाई, शिव्या बी देल्ल्या नाई, याचंच मले जास्त लागलं. दिवाळीनंतर तिचा गुडघा पार बसला. ठेला ढकलणं गेलं. अंकिताची परीक्षा होती.

परवा सकाळी ती गेटवर आली. डोक्यावर मेथीचं गाठोडं, एका हातात काठी. सरळ माझ्यापुढं उभी राह्यली. मागं तीस जणाईची लाईन होती. आतून नीरज पाहून राह्यला होता.

मी म्हटलं, "मावशी, लाईनीत या."

ती गेली. लाईनीच्या शेवटी जाऊन उभी राह्यली, तीस माणसाईच्या मागं, त्या गुडघ्यावर. पाऊण तास लागला. कोणी तिले पुढं जा म्हटलं नाई, माझ्या भेवानं. नंबर आला तवा तिनं गाठोडं सोडलं. मेथी हिरवीगार होती. एका जुडीत एक पान पिवळं होतं. मी पाहिलं, तिनं बी पाहिलं मी पाहताना.

"त्या एगबर्टाले पाच वर्सानं हाकललं व," ती म्हणे, एकदम साध्या आवाजात. "त्याच्याच लोकाईनं."

"मंग?"

"पळाला शेजारच्या राज्यात. दुसऱ्या वर्सी मेला."

"मावशी, मले म्हणून राह्यली का?"

"नाई व. अंकिताचा तो धडा राह्यला होता, काल वाचला तिनं."

मी ते पिवळं पान खुडून माझ्या पदरात लपवू शकली असती. आतून नीरजची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी ते जुडी काढून बाजूले ठेवली अन् म्हटलं, "हे परत."

कुंताबाईनं ते जुडी उचलली, गाठोड्याच्या फडक्यात बांधली. बाकीच्या मालाची चिठ्ठी घेतली अन् बाजूले सरकली. मागून लाईनीतली धुरपता ओरडली, "मॅडम, माझं पाहा ना लवकर." मी पाहिलं.